रेघ माझी, निवड काकांची

वकिलांनी सुचवलेली पद्धत इतकी साधी होती की मला ती ऐकताक्षणीच आवडली. घराचे दोन भाग करायचे. एका पक्षाने रेघ मारायची आणि दुसऱ्याने आपला भाग निवडायचा. कुठला भाग आपल्या पदरात पडणार हे रेघ मारणाऱ्याला आधी कळत नाही, म्हणून तो दोन्ही भाग सारखेच पाडतो.

"म्हणजे वहिनींनी कापायचं आणि मी उचलायचं," काका म्हणाले. "चालेल. नाहीतरी या घरात कात्री त्यांच्याच हातात असते."

"मी कापडावर रेघ मारते, भाऊजी," आई म्हणाली. "घरावर ही मारेल."

ही म्हणजे मी. त्याच वर्षी पदार्थविज्ञान घेऊन माझं एम.एस्सी. झालं होतं आणि नोकरी लागायची होती. काका मला फूटपट्टी म्हणत. लहानपणी लाडाने म्हणत. बाबा गेल्यापासून तोच शब्द वापरत, पण लाड वगळून.

भांडणाचं मूळ शोधायला गेलं तर ते चार स्क्रूंमध्ये सापडतं. बाबा गेल्यावर आईने फाटकावर एक पाटी लावली, 'येथे कपडे शिवून मिळतील'. जागा तेवढीच होती, म्हणून ती काकांच्या नावाच्या पाटीच्या वर बसली. काकांनी ती काढली. आईने दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू आणून पुन्हा लावली. काकांनी त्याहून लांब पेचकस आणला. दोन वर्षांत हे प्रकरण फाटकावरून वकिलांच्या टेबलावर पोचलं. आजोबांनी घर दोन्ही मुलांना समाईक दिलेलं. बाबांचा हिस्सा आता आईचा. काकांना मध्ये भिंत हवी होती. आईलाही हवी होती. आमच्या घरातलं ते शेवटचं एकमत.

आईला या घरात एकच गोष्ट हवी होती: उत्तरेकडची खोली. तिथे ती शिवायची. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दुसऱ्याचं करण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या खोलीची खिडकी दोन मीटर दहा सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यातून ऊन कधीच येत नाही, फक्त उजेड येतो, आणि तो सकाळी नऊपासून चारपर्यंत जवळपास सारखाच राहतो. मी प्रयोगशाळेतला प्रकाशमापक आणून तीन दिवस दर तासाला उजेड मोजला. त्या उजेडात आईला काळा दोरा आणि गडद निळा दोरा वेगळे दिसतात. घरात दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. ती परिचारिकांचे गणवेश, कोटांची अस्तरं आणि शाळेचे शर्ट शिवायची. म्हणजे खोली गेली तर काम गेलं. हे तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त म्हणाली, "ती खोली आपल्या बाजूला राहू दे. बाकी काहीही जाऊ दे."

घर पणजोबांचं, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. ते एका कचेरीत कारकून होते. त्या काळी घरांच्या नकाशांची पुस्तकं मिळत. त्यातला सत्तेचाळीस क्रमांकाचा नकाशा त्यांनी निवडला आणि गवंड्याच्या हातात दिला. ते पान अजून आमच्याकडे आहे. त्यावर लिहिलंय की हे घर 'नोकर न ठेवता नेटका संसार करू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी' आहे. मोजायला लागेपर्यंत मला या वाक्याचा अर्थ कळला नव्हता.

या घरात बोळ नाही. मधोमध दीड मीटर लांबीरुंदीचा एक चौकोन आहे आणि पाच दारं त्यातच उघडतात. कुठल्याही खोलीतून कुठल्याही खोलीत जायला चार पावलांवर लागत नाहीत. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधलं कपाट दोन्हीकडून उघडतं, म्हणजे धुतलेली ताटं इकडून ठेवायची आणि जेवायच्या वेळी तिकडून काढायची. जिन्याच्या पायऱ्यांखाली खण आहेत. बाहेरच्या खोलीच्या खिडकीला बसायचा ओटा आहे आणि त्याचं झाकण उचललं की खाली पांघरुणं मावतात. बाहेरची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये सरकती दारं आहेत. उघडली की भिंतीच्या पोटात शिरून दिसेनाशी होतात. उत्तरेच्या खोलीत इस्त्रीची फळी भिंतीत उभी दडवलेली आहे, कडी काढली की खाली येते. प्रत्येक दारावर काचेची झडप आहे, ती दांडीने उघडते, आणि तापलेली हवा तिथून जिन्याकडे आणि जिन्यावरून छपराच्या झरोक्यातून बाहेर जाते. कुणीतरी, एका नकाशामागे बसून, बाईने दिवसातून किती वेळा कुठून कुठे जायचं हे मोजलं होतं. मला तो माणूस फार जवळचा वाटायला लागला.

त्या माणसाने एकमेकांना हाक मारणारी माणसं गृहीत धरली होती. आम्ही त्याच सोयी एकमेकांविरुद्ध वापरत होतो. काका-काकू बाहेरच्या खोलीत आणि वरच्या दोन खोल्यांत राहत, आम्ही मागच्या बाजूला. स्वयंपाकघर वेळा ठरवून दोघींचं होतं. काकू त्या दुहेरी कपाटात आमची ताटं पालथी घालून वर आपला जड पाटा ठेवायची. आई तो पाटा चौकोनात जमिनीवर ठेवायची, बरोबर काकांचा पाय पडेल तिथे. झडपा उघड्या असल्या की काका आपल्या बायकोशी बोलायच्या आवाजात आईला ऐकवायचे.

"आज किती आल्या गं?"

"कोण किती?"

"गिऱ्हाइकं. सकाळपासून फाटक सात वेळा वाजलं. धर्मशाळेलासुद्धा रात्री कुलूप लावतात."

आई दांडी ओढून झडप बंद करायची. काचेचा तो टक्क आवाज हेच तिचं उत्तर.

मी तीन आठवडे मापं घेतली. काका स्वतःची टेप घेऊन माझ्या मागे फिरायचे. ते निवृत्त मुद्रितशोधक होते. छापखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या होत्या आणि घरी येताना लाल पेन्सिलीचा तुकडा कानावरून काढायला ते बहुतेक विसरत.

"तीन पूर्णांक एकेचाळीस," मी वहीत लिहिलं.

"चाळीस."

"गिलाव्याला फुगवटा आहे, काका. वर चाळीस भरतं, खाली एकेचाळीस."

"मग सरासरी लिही."

"सरासरीच लिहिणार आहे. पाच ठिकाणी मोजून."

"तुझ्या बाबाला दिवा बदलता यायचा नाही," काका म्हणाले, "आणि मुलगी भिंतीच्या पोटातलं वाकडं काढतेय. आईवर गेलीस."

"आईला काय झालं?"

"काही नाही. टाके बारीक घालते. उसवल्याशिवाय दिसत नाहीत."

रेघ शेवटी आपोआपच सुचली. सरकत्या दारांच्या जागी भिंत, तिथून पुढे मधल्या चौकोनाच्या पुढच्या कडेने बाहेरच्या भिंतीपर्यंत. पुढच्या भागात पडवी, बाहेरची खोली, जिना, जिन्याखालचा संडास आणि वरच्या दोन खोल्या. मागच्या भागात चौकोन, जेवणाची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागची झोपायची खोली आणि उत्तरेची खोली. पुढचा भाग त्रेसष्ट पूर्णांक एक चौरस मीटर, मागचा बासष्ट पूर्णांक आठ. एवढा फरक फुगलेल्या गिलाव्यातच गेला असता.

क्षेत्रफळ सारखं असलं तरी माझी झोप उडाली होती, कारण निवड काका करणार होते. त्यांचे गुडघे दुखत. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा गुडघा वाजायचा. मी खालून ऐकून मोजू शकायचे. मागचा भाग पूर्ण जमिनीलगत. त्यात तयार स्वयंपाकघर. कुठल्याही शहाण्या माणसाने मागचाच भाग घ्यावा असं हे गणित होतं.

"रेघ मार, आकडे लिही आणि गप्प बस," आई म्हणाली. ती बटणाचं काज करत होती. "तो वरची खिडकी सोडणार नाही."

"त्यांचे गुडघे, आई."

"गुडघे सकाळी दुखतात. माझ्याकडे कोण आलं, कोण गेलं हे त्याला दिवसभर बघायचं असतं. वरून फाटक दिसतं."

"एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी—"

"तू त्याला तेवीस वर्षं ओळखतेस. मी तो शाळेत होता तेव्हापासून. त्याची पहिली फुलपँट मी शिवली आहे. गप्प बस म्हणते तर बस."

मी बसले नाही. मला वाटलं, आईचं ते अनुभवाचं बोलणं आणि माझं ते विचाराचं. तराजूचं मागचं पारडं जड आहे, तर पुढच्या पारड्यात वजन घालायला हवं, इतकं मला स्वच्छ दिसत होतं. नकाशाबरोबर प्रत्येक भागाचं वर्णन द्यावं असं वकिलांनी म्हटलंच होतं. ते मी लिहिलं, आणि आईला दाखवलं नाही.

पुढच्या भागाला चार पानं झाली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पडवीला हिवाळ्यात किती तास ऊन मिळतं ते मी लिहिलं. खिडकीच्या ओट्याखाली किती पांघरुणं मावतात, दारावरच्या रंगीत काचेचा उजेड दुपारी कुठे पडतो, जिन्याचा कठडा एका अखंड लाकडाचा कसा आहे, तापलेली हवा जिन्यावरून कशी बाहेर जाते, वरच्या उतरत्या छपराखालच्या बुटक्या भिंतीत कपाटं बसवून वाया जाणारी जागा कशी वाचवली आहे, सगळं लिहिलं. जिन्याखालून पाण्याचा नळ जातो, त्यामुळे तिथे स्वयंपाकाचा ओटा काढणं सोपं, हेही लिहिलं. काही ओळी लिहिताना मला खरोखर आनंद झाला होता आणि तो त्यांत उतरला असणार.

मागच्या भागाला अकरा ओळी. उत्तरेच्या खोलीबद्दल एवढंच: '३.४ × ३.१ मीटर. एक खिडकी, रुंदी २.१ मीटर. भिंतीत कपाटं.'

रविवारी सकाळी जेवणाच्या खोलीत सगळे जमले. वकील टेबलाच्या टोकाला, आई आणि मी एकीकडे, काका-काकू दुसरीकडे. सरकती दारं उघडी होती. गेल्या दोन वर्षांत मी ती उघडी पाहिली नव्हती. काकांनी नकाशावर नजर टाकली, आकडे पाहिले, मान हलवली. मग वर्णन घेतलं आणि कानावरची लाल पेन्सिल काढली.

त्यांनी पाचही पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं.

"फूटपट्टी," काका म्हणाले, "जिन्याखाली खण किती?"

"सात."

"लिहिलेत. प्रत्येकाची खोली, रुंदी, लाकूड कुठलं. आठ ओळी. उत्तरेच्या खोलीत भिंतीत खण किती?"

मी आईकडे पाहिलं नाही. "अकरा."

"अकरा. त्याला दोन शब्द. 'भिंतीत कपाटं.' आणि ती इस्त्रीची फळी कुठे गेली? वहिनी, विकली का?"

"आहे जागेवर," आई म्हणाली.

"आहे ना. मला वाटलं, हिच्या वर्णनात नाही म्हणजे पळाली." त्यांनी पेन्सिलीने पानावर शब्द गळल्याची खूण काढली, छापखान्यात काढत तशी. "पडवीत ऊन किती तास, रंगीत काच कुठे चमकते, सगळं आहे. घरात एवढी मोठी खिडकी एकच, तिच्या उजेडाबद्दल चकार शब्द नाही. आणि ही पोरगी तीन दिवस तिथे यंत्र घेऊन दर तासाला बसली होती. मी पाहिलं ना येताजाता."

"भावनेच्या भरात लिहिलंय पोरीने," वकील हसून म्हणाले. "आकडे बरोबर आहेत ना? मग निवडा."

"आकड्यांची तक्रार नाही. वकीलसाहेब, छापलेलं कुणीही वाचतं. मी गळलेलं वाचतो." काकांनी पानं नीट जुळवून टेबलावर आपटली. "खरं सांगू? आज खाली उतरताना पुढचा भाग म्हणायचं ठरवूनच उतरलो होतो. विचारा हिला."

"काल पडद्यांची मापं घेतली मी," काकू म्हणाली. "वरच्या खोल्यांच्या."

"ती मापं जाऊबाईंना देऊन टाक. त्या शिवतील स्वतःसाठी." ते वकिलांकडे वळले. "मागचा भाग."

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, वरची हवा—"

"मागचा भाग म्हटलं."

वकिलांनी लिहून घेतलं. सह्या झाल्या. आईने सही करताना कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग मी बोट ठेवलं तिथे सही केली. तिचं बोट माझ्या बोटाला लागलं आणि तिने ते लगेच उचललं.

सगळे गेल्यावर आई बराच वेळ टेबलावर पडलेली वर्णनाची पानं चाळत होती. त्या खोलीतल्या उजेडात तिला ती वाचता येत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

"वाच," ती म्हणाली.

मी चारही पानं वाचली.

"छान लिहिलंयस," आई म्हणाली. "मला वाटायचं, तू मोजतेस तेवढंच लिहितेस."

"ते मागचा भाग घेतील असं वाटलं म्हणून—"

"तो जिथे बसला होता तिथेच बसून राहणार होता. तू त्याला उठवलंस." एवढंच बोलून ती उठली, उत्तरेच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. शिवणयंत्र सुरू झालं नाही.

माझी चूक मी नंतर पुष्कळदा तपासली. ती पद्धत स्वतःचं भलं बघणाऱ्या माणसांसाठी होती. तशा माणसाला कुठला भाग चांगला एवढंच कळायला हवं असतं. काकांना दुसऱ्याला कुठला हवा आहे ते कळायला हवं होतं, आणि ते मी त्यांना पाच पानांत, समासासकट, लिहून दिलं.

पंधरा दिवसांत अदलाबदल झाली. आम्ही पुढे आलो. बाहेरच्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे. आईने यंत्र खिडकीच्या ओट्यासमोर मांडलं. प्रकाशमापक अजून माझ्याकडेच होता. सकाळी दहा वाजता कापडावर उन्हाची पट्टी पडे. पट्टीच्या आत जो आकडा यायचा त्याच्या तेराव्या भागाइतका पट्टीच्या बाहेर हातभर अंतरावर यायचा. आणि ती पट्टी सरकायची. आई यंत्र तिच्या मागे सरकवायची. दुपारी रंगीत काचेतून गणवेशावर तांबडा डाग पडायचा. चार पानांत मी त्याचं कौतुक केलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात नऊ निळ्या गणवेशांच्या कॉलरी काळ्या दोऱ्याने शिवल्या गेल्या. इस्पितळातली मुख्य परिचारिका ते घेऊन परत आली. ती काही लागट बोलली नाही, नुसतं म्हणाली, "मावशी, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं." आईने नऊही कॉलरी उसवल्या. मी रिळांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठीवरचं अक्षर तिला दिसायचं, पण सुईत ओवलेला दोरा कुठल्या रिळाचा ते शिवताना कळायचं नाही. ती दर वेळी मला हाक मारायची. मग हाक मारायचं बंद केलं.

मागे काकांनी उत्तरेच्या खोलीत छापखान्यातून आणलेले जुन्या मुद्रितांचे गठ्ठे रचले. खणांत गठ्ठे, फळीवर गठ्ठे, खिडकीच्या उंबऱ्यावर गठ्ठे. उजेडाने कागद पिवळा पडतो म्हणून त्यांनी खिडकीला जाड काळं कापड लावलं. आम्ही मागच्या अंगणातून पाणी भरायला जात असू तेव्हा ते बाहेरून दिसायचं.

भिंत अजून बांधायची होती. विटा फाटकाशी येऊन पडल्या होत्या. ज्या दिवशी मिस्त्री ओळंबा आणि दोरी घेऊन आला त्या दिवशी सकाळी मी आईला न सांगता काकांकडे गेले. ते त्या खोलीतच होते, गठ्ठ्यांच्या मधोमध, दिवा लावून.

"काका, ही एक खोली द्या. बदल्यात वरच्या दोन्ही घ्या. अकरा चौरस मीटर जास्त मिळतंय तुम्हाला. जिन्याची वाट मी नकाशात काढून देते."

"काकूने पाठवलं तुला?"

"नाही."

"रडते ती वरच्या खोल्यांसाठी. इथे उकडतं म्हणते. झडप उघडली की हवा जायला जिना होता, आता भिंत होणार." त्यांनी गठ्ठ्याची गाठ आवळली. "तूच लिहिलं होतंस ना ते हवेचं? पुढच्या भागाच्या पानावर."

"तुम्हाला या खोलीचा काही उपयोग नाही."

"आहे की. तुला काय वाटतं, मला उजेड कळत नाही? या डोळ्यांनी पस्तीस वर्षं छपाईचे खिळे वाचले. दोन वर्षं या घरात तिने माझ्याशी एक वाक्य सरळ बोललेलं नाही. झडप लावते. पाटा ठेवते. स्क्रू लावते. तिला खोली हवी आहे ना? मग तुला कशाला पाठवते?"

"तिने नाही पाठवलं."

"तिला सांग, येऊन माग म्हणावं. तोंडाने."

मी पुढे आले. आईला सांगावं की नाही हे मला ठरवता येईना. पण एकदा मी माझ्या अकलेने काही गाळलं होतं. मी काकांचं बोलणं, उकाड्यासकट, जसंच्या तसं सांगितलं. 'तोंडाने' हा शब्दही सांगितला.

आईने सुई कापडात टोचून ठेवली. पदराने चष्मा पुसला. पायात चपला घातल्या, जणू दुसऱ्या गल्लीत जायचं होतं, आणि मधला चौकोन ओलांडून उत्तरेच्या खोलीपाशी गेली. मिस्त्री सरकत्या दारांच्या चौकटी काढून झाल्यावर जमिनीवर खडूची खूण करत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

काका खोलीतून बाहेर आले. आई त्यांच्यासमोर दोन हातांवर उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "मला ही खोली हवी आहे. माझं काम हिच्याशिवाय होत नाही. मला दुसरीकडे दोरा दिसत नाही. वरच्या दोन खोल्या घ्या आणि ही मला द्या. मी मागते आहे."

काकूचे डोळे काकांवर होते. मिस्त्रीने खडू थांबवला. आईने हे सगळं एका दमात, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं सांगितलं होतं. काकांना बहुधा वेगळं काहीतरी अपेक्षित होतं. काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली.

"बघू," ते म्हणाले. "विचार करून सांगतो."

"किती दिवस?"

"वहिनी, घर काही पळून जात नाही. भिंतीचं काम थांबवू. दोन-चार महिने बघू. तुम्ही या अधूनमधून, आठवण करून द्यायला."

"देऊन टाका हो," काकू म्हणाली. "मला वर जाऊ दे."

"तू आत जा."

काकू आत गेली नाही. आईने काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं, काळ्या कापडाकडे. तिला त्या अंधारात काय दिसलं असेल ते मी सांगू शकत नाही.

"मी मागितलं," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाही कुठे म्हणालो?"

"मी तसंच धरते. दर महिन्याला येऊन मागायला मला वेळ नाही, भाऊजी. उसवायचं काम पडलंय." ती वळली. "मिस्त्री, ही भिंत किती दिवसांची?"

मिस्त्रीने काकांकडे पाहिलं, मग आईकडे. "पाच दिवस धरा, ताई. गिलावा वेगळा."

"तीन दिवसांत होईल का?"

"माणूस जास्त लागेल. दोरी धरायलासुद्धा कुणी नाही आज."

"वहिनी," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज झडपेतून यायचा तसा नव्हता. "मी म्हटलं ना, बघतो."

आई चौकोनाबाहेर येऊन उभी होती, खडूच्या खुणेच्या आमच्या बाजूला. तिने मला हाताने खूण केली. मी खाली बसले आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. मिस्त्रीने पहिल्या विटेखाली मसाला पसरला.

"सरळ धर," आई म्हणाली, आणि यंत्रापाशी जाऊन बसली.